सुनिल, सुनील आणि सुशील: नावं जुळवताना लेव्हेनश्टाइन घ्यावं की साउंडेक्स?

तुमची अडचण मला समजली ती अशी. देवनागरीत नावांच्या दोन याद्या आहेत, एकीत ४०,००० नोंदी, दुसरीत ६०,०००. तोच माणूस दोन्हीकडे वेगवेगळ्या लेखनाने आलाय आणि त्याची जोडी लावायची आहे. लेव्हेनश्टाइन अंतर म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात तो आकडा; त्यावरून निघणारी साम्याची टक्केवारी तुम्ही वापरून पाहिलीत. मर्यादा ८० ठेवली तर सुनील आणि सुशील एकच ठरतात, ८५ केली तर सुनिल आणि सुनीलसुद्धा तुटतात. म्हणून विचारलंत की साउंडेक्सकडे, म्हणजे उच्चारावरून नावाला कोड देणाऱ्या पद्धतीकडे, वळू का, आणि मर्यादा नेमकी किती ठेवू.

मर्यादा कितीही वरखाली केली तरी हे सुटणार नाही. सुनिल आणि सुनील यांत एका चिन्हाचा फरक आहे, ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ. सुनील आणि सुशील यांतही एकाच चिन्हाचा फरक आहे, न च्या जागी श. प्रत्येक नावात पाच चिन्हं (स, उकार, न किंवा श, वेलांटी, ल), त्यातलं एक बदललेलं, म्हणून दोन्ही जोड्यांचं साम्य ८० टक्के. यंत्राच्या लेखी या दोन्ही जोड्या सारख्याच. एक ठेवून दुसरी गाळणारी मर्यादा आणणार कुठून? आता पंडित आणि पण्डित घ्या. अनुस्वार जाऊन ण आला, वर एक हलन्त वाढला, अंतर २ झालं. सहा चिन्हांत दोनचा फरक म्हणजे साम्य ६७ टक्के. वाचणाऱ्याला जिथे शंकाही येणार नाही तीच जोडी यंत्राला सगळ्यांत लांबची वाटते.

फरक किती आहेत हे लेव्हेनश्टाइन बरोबर मोजतं. कोणते आहेत हे त्याला कळत नाही, आणि ते सांगणं आपलं काम आहे. व्लादिमिर लेव्हेनश्टाइनने १९६५ मध्ये हे अंतर मांडलं ते संदेशवहनाच्या संदर्भात: शून्य-एकच्या मालिकेतून एखादा बिट गळला, जास्तीचा घुसला किंवा बदलला तर मूळ संदेश कसा परत मिळवायचा. तिथे सगळे बिट एकाच तोलाचे असतात. आपल्याकडे वेलांटी आणि व्यंजन एकाच तोलाचे नाहीत.

त्याच सुमारास, १९६४ मध्ये, फ्रेडरिक डॅमेराऊने टंकनातल्या चुका तपासून दाखवलं होतं की ८० टक्क्यांहून अधिक चुकीचे शब्द एकाच साध्या चुकीने बिघडलेले असतात: एक अक्षर गळणं, एक जास्तीचं येणं, एक बदलणं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. म्हणून अदलाबदलीला एकच चूक धरणारी सुधारित आवृत्ती टायपोसाठी चांगली चालते. देवनागरीत तिला जरा जपून हात लावा. राम मध्ये र, काना, म. रमा मध्ये र, म, काना. शेजारच्या दोन चिन्हांची अदलाबदल, अंतर १, आणि माणसं पूर्ण वेगळी.

साउंडेक्सचं काय? ते यापेक्षाही जुनं, संगणकाच्या आधीचं. रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेच्या जुन्या जनगणनांच्या नोंदी त्या पद्धतीने कार्डांवर लावल्या गेल्या. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, बाकीच्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीनुसार १ ते ६ यांपैकी एक आकडा द्यायचा, स्वर टाकून द्यायचे आणि तीन आकड्यांवर थांबायचं. रॉबर्ट आणि रुपर्ट दोघांचाही कोड आर१६३ येतो. कॅथरीन मात्र सी ने लिहिली तर सी३६५ आणि के ने लिहिली तर के३६५, म्हणजे त्या दोघी कधीच भेटत नाहीत.

डेटाबेसमधलं तयार साउंडेक्स फंक्शन देवनागरीवर चालवू नका. त्याचे गट रोमन अक्षरांचे आहेत, आपल्या अक्षरांचं काय करायचं हे त्याला माहीत नाही. पण याहून मोठं कारण स्वरांचं आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्वरांचा भरवसा नाही, म्हणून साउंडेक्सने ते फेकले ते योग्यच केलं. मराठीत काना, मात्रा, ओकार बहुतेक लोक बरोबर लिहितात. घोळ होतो तो फक्त वेलांटी आणि उकार यांच्या ऱ्हस्व-दीर्घात. सगळे स्वर फेकले तर राम, रमा, रीमा आणि रोमा एकाच खोक्यात जातील. लॉरेन्स फिलिप्सचं १९९० चं मेटाफोन साउंडेक्सपेक्षा पुष्कळ शहाणं आहे, पण त्याचेही नियम इंग्रजी उच्चाराचेच. इथून घेण्यासारखं काही असेल तर ते १९८५ च्या डाइच-मोकोटॉफ पद्धतीतून. पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांवर साउंडेक्स फसत होतं, तेव्हा डाइच आणि मोकोटॉफ यांनी तेच तत्त्व ठेवून गट आणि नियम त्या आडनावांसाठी नव्याने बांधले. मराठीसाठी आपणही तेच करायचं आहे, आणि ते वाटतं तितकं कठीण नाही.

पण नियम बांधण्याआधी एक गोष्ट तुम्हालाच शोधावी लागेल, कारण प्रश्नात ती नाही: तुमच्या याद्यांमधल्या चुका झाल्या कशा? ऐकून लिहिताना, टंकताना, की कागदावरून वाचून उतरवताना? ऐकून लिहिलं असेल तर ऱ्हस्व-दीर्घ, श-ष, ण-न, महाप्राण-अल्पप्राण (ख-क, घ-ग) असे घोळ दिसतील. वाचून किंवा ओसीआरने (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाने) उतरवलं असेल तर दिसायला सारखी अक्षरं एकमेकांच्या जागी येतील: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, आणि ख चं तुटून रव. उच्चारावर बांधलेली कुठलीही पद्धत घ-ध ला हात लावणार नाही, कारण कानाला ते लांबचे आहेत. टंकनातल्या चुका कीबोर्डवर ठरतात. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत क-ख, त-थ, द-ध, ग-घ एकाच कळीवर आहेत, फरक फक्त शिफ्टचा. शिफ्ट निसटली की ख चा क होतो, आणि ती चूक ऐकण्यातल्या चुकीसारखीच दिसते. रोमन टाइप करून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डांवर हाच शिफ्ट बऱ्याचदा न-ण आणि ल-ळ मध्ये असतो.

म्हणून पहिलं काम कोड लिहिण्याचं नाही. ज्या जोड्या एकच आहेत हे तुम्हाला इतर पुराव्यावरून नक्की माहीत आहे, अशा शंभरेक काढा आणि त्यातले फरक डोळ्यांनी बघा. तासाभरात डेटाचा स्वभाव कळतो. पुढचं सगळं मी तुमच्या याद्या मुख्यतः ऐकून आणि टंकून झाल्या आहेत असं धरून लिहितोय. ओसीआरचा माल निघाला तर वजनं बदलतील, क्रम तोच राहील.

आता साफसफाई. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त 'न जुळणाऱ्या' जोड्या इथेच जुळतात, आणि लोक नेमकी हीच पायरी ओलांडून अल्गोरिदमकडे धावतात. देवनागरीत डोळ्यांना एकच दिसणारं अक्षर आत दोन-तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं. नुक्त्याची, म्हणजे खाली टिंब असलेली, अक्षरं एका कोडपॉइंटने (युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकाने) लिहिता येतात किंवा अक्षर अधिक नुक्ता अशी. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, ते एकसारखं करतं. पण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि एनएफसी हे दोन एक मानत नाही. त्यांना तुम्हीच एक करायचं. रुंदी नसलेला जोडक आणि रुंदी नसलेला विभाजक ही दोन अदृश्य चिन्हं नावांत लपलेली असतात. जोडाक्षर कसं दिसावं एवढंच ती सांगतात, तेव्हा तुलनेआधी काढून टाका. फक्त एक सांभाळा. कऱ्हाडे, गोऱ्हे यांतला अर्धा र काही ठिकाणी ऱ ला हलन्त लावून आणि काही ठिकाणी साध्या र ला हलन्त आणि जोडक लावून साठवलेला असतो. दोन्ही साध्या र वर आणा म्हणजे वाद मिटला. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करणारे पुष्कळ, तोही बदलून घ्या. नावापुढची श्री, सौ., डॉ. वगैरे वेगळ्या कॉलममध्ये काढा, आणि आडनाव आधी की नाव आधी हे दोन्ही याद्यांत सारखं करा.

यानंतर अनुस्वार. पंडित-पण्डित, संबंध-सम्बन्ध हे प्रकार नियमाने सुटतात: पाचही वर्गांत अनुनासिकाला हलन्त असेल आणि पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर त्या दोघांच्या जागी अनुस्वार ठेवा. 'त्याच वर्गातलं' ही अट गाळू नका, आणि पुढचं व्यंजन स्वतः अनुनासिक नसावं हेही बघा. नाहीतर जन्म चा न् आणि अन्न चा न् दोघेही अनुस्वारात जातील.

इथे एक इशारा, कारण हा प्रकार चटकन लक्षात येत नाही. तुमची लायब्ररी मोजते काय? कोडपॉइंट की बाइट? युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. न आणि श यांच्यात फक्त शेवटचा बाइट वेगळा आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी मात्र कोष्टकात अशा जागी पडतात की शेवटचे दोन्ही बाइट बदलतात. म्हणजे बाइट मोजणाऱ्या फंक्शनला सुनील-सुशील अंतर १ वर दिसतात आणि सुनिल-सुनील अंतर २ वर. अगदी उलटं! पीएचपीमधलं नेहमीचं लेव्हेनश्टाइन फंक्शन बाइटच मोजतं. पायथनमध्ये स्ट्रिंग कोडपॉइंटची असते म्हणून हा धोका नाही, पण तिथे दुसरा आहे. त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या) मूळ मॉड्यूलमध्ये 'शब्दातलं अक्षर' या खुणेत मात्रा बसत नाहीत. सुनील चे तुकडे करा म्हटलं तर स, न, ल असे तीन सुटे शब्द हातात येतात. काही फझी, म्हणजे ढोबळ जुळणी करणाऱ्या, लायब्रऱ्या तुलनेआधी विरामचिन्हं काढायच्या नावाखाली हेच करतात आणि तुमच्या सगळ्या मात्रा गुपचूप उडवतात. दोन नावं घालून मधला निकाल छापून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

साफसफाई झाली की ध्वनिकोड. ध्वनिकोड म्हणजे प्रत्येक नावापासून काढलेली एक ढोबळ स्ट्रिंग, जिच्यात नेहमी गल्लत होणारे फरक पुसलेले असतात. ती कुणाला दाखवायची नसते, फक्त दुसऱ्या ध्वनिकोडशी ताडायची असते, त्यामुळे ती कुरूप दिसली तरी हरकत नाही. माझे नियम साधारण असे: दीर्घ वेलांटी ऱ्हस्व, दीर्घ उकार ऱ्हस्व. ष चा श, ण चा न, ळ चा ल. ज्ञ, द्न्य आणि ग्य तिन्हींसाठी एकच रूप. क्ष आणि क्श एकच. ऋकार आणि हलन्तानंतरचे रु, रि एकच. ऐकार आणि अय एक, औकार आणि अव एक. शब्दाच्या सुरुवातीचा ये आणि ए एक. जुळं व्यंजन असेल तर एकेरी. सगळ्यांत शेवटी हलन्त काढून टाकायचा.

हा 'शेवटी' महत्त्वाचा आहे, म्हणून एक नाव पूर्ण चालवून दाखवतो. कृष्णाजी, क्रुष्णाजी, क्रिष्णाजी अशी तीन लेखनं आहेत. पहिल्यात क ला ऋकार आहे, तो मी हलन्त अधिक रि असा उलगडतो. दुसऱ्यात क, हलन्त, र, उकार आहेत. हलन्तानंतरचा रु म्हणून तोही रि होतो. तिसऱ्यात तो आधीच रि आहे. मग ष चा श, ण चा न, जी चा जि. शेवटी हलन्त काढले की तिघांचाही कोड येतो: करिशनाजि. आता हलन्त मी आधीच काढले असते तर दुसऱ्या नावातला रु हा जोडाक्षरातला की सुटा हे कळायला मार्गच उरला नसता, आणि मग गुरु चाही गुरि करावा लागला असता. ज्ञ चंही तसंच. त्याच्या पोटात ज, हलन्त आणि ञ असतात, हलन्त गेला की ज्ञ ओळखू येत नाही.

हलन्त काढण्याचा फायदा आडनावांत दिसतो. कुलकर्णी, कुळकर्णी आणि कुलकरणी तिन्ही कुलकरनि वर येतात. अर्धं अक्षर पूर्ण लिहिणं ही ऐकून टंकणाऱ्यांची फार सामान्य सवय आहे, आणि कुठल्याही आयात पद्धतीत ती धरलेली नसते.

काना, मात्रा, ओकार मी ठेवलेले तुमच्या लक्षात आलं असेल. त्यामुळे राम आणि रमा वेगळेच राहतात. महाप्राणही पहिल्या कोडमध्ये ठेवतो. दुसरा, आणखी ढोबळ कोड काढतो त्यात ख चा क, घ चा ग, थ चा त असं करून टाकतो. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

मग लेव्हेनश्टाइन सोडून द्यायचं का? नाही. जागा बदलायची. ध्वनिकोड हा हो किंवा नाही एवढंच सांगतो, आणि एखादं अक्षर खरोखरच गळलं असेल तर तो काहीच सांगत नाही. तिथे अंतर लागतंच, पण वजनदार. अंतर काढायचं जे कोष्टक असतं, वॅग्नर आणि फिशर यांनी १९७४ मध्ये मांडलेलं, त्यात प्रत्येक चौकटीत 'अक्षर बदलण्याची किंमत १' असं असतं. त्या १ च्या जागी एक छोटं फंक्शन बसवा, जे दोन चिन्हं घेतं आणि किंमत परत करतं. बाकी कोड जसाच्या तसा. मी सुरुवात अशी करतो: ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष ला ०.१, ण-न आणि ळ-ल ला ०.३, महाप्राण-अल्पप्राण ला ०.४, काना गळणं किंवा येणं ०.६, उरलेलं सगळं १. हे आकडे कुठल्या ग्रंथातले नाहीत, अंदाजाने धरलेले आहेत, आणि मघाच्या शंभर जोड्या बघून तुम्ही ते हलवायचे आहेत. ओसीआरचा डेटा असेल तर घ-ध आणि भ-म ला स्वस्त करा, आणि ख च्या जागी रव हा बदल एकच व्यवहार म्हणून वेगळा लिहा, कारण तिथे एका चिन्हाची दोन होतात.

आता पुन्हा तुमची जोडी बघा. सुनिल-सुनील चं अंतर ०.१, पाच चिन्हांत म्हणजे साम्य ९८ टक्के. सुनील-सुशील जागच्या जागी, ८० वर. पंडित-पण्डित साफसफाईतच १०० झाले. आता ९० ची मर्यादाही चालेल आणि ८५ चीही, कारण मधली जागा मोकळी झाली.

ळ-ल बद्दल एक अट जोडतो. नावांसाठी तो फरक स्वस्त ठेवणं योग्य आहे. पण हेच यंत्र उद्या शब्दकोशात शोध घ्यायला वापरलंत तर काळ-काल, वेळ-वेल, बाळ-बाल यांना ते एक करून बसेल. ण-न चंही तेच, मण आणि मन. काम बदललं की वजनं बदला.

जारो-विंकलर वापरू का असं पुढे विचाराल, म्हणून इथेच सांगतो. मॅथ्यू जारो आणि विल्यम विंकलर यांची ती पद्धत जनगणनेच्या नोंदी जुळवताना घडली. लहान नावांसाठी ती बनलेली आहे आणि सुरुवातीची जास्तीत जास्त चार चिन्हं सारखी असतील तर ती गुण वाढवते. देवनागरीत चार चिन्हं म्हणजे कित्येकदा जेमतेम दोन अक्षरं. तुमच्याच जोड्यांवर चालवली तर सुनिल-सुनील ला ०.९१ आणि सुनील-सुशील ला ०.८९ मिळतात. ०.०२ च्या फटीवर मी निर्णय सोडणार नाही. ध्वनिकोडावर चालवली तर मात्र ती बरी वागते.

वेगाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण येणार आहे. ४०,००० गुणिले ६०,००० म्हणजे २४० कोटी जोड्या. प्रत्येकीचं कोष्टक भरायचं म्हटलं तर यंत्र बसून राहील. म्हणून काम दोन टप्प्यांत तोडा: आधी संभाव्य जोड्या स्वस्तात गोळा करा, मग फक्त त्यांचंच वजनदार अंतर काढा. गोळा करायला तो दुसरा, ढोबळ कोड वापरा. ज्यांचा ढोबळ कोड एक ते एका गटात. एवढ्यावर थांबलात तर अक्षर गळलेली नावं सुटतील. त्यासाठी प्रत्येक कोडमधून एकेक चिन्ह काढून होणारी सगळी रूपं याच सूचीत घाला. सात चिन्हांच्या कोडची सात रूपं आणि तो स्वतः, म्हणजे आठ नोंदी. दोन नावांचं एक जरी रूप सामायिक निघालं तर ती जोडी तपासायला घ्या. वोल्फ गार्बेच्या सिमस्पेल या स्पेलिंग सुधारणाऱ्या साधनाची मूळ कल्पना हीच आहे. ती सोपी आहे, तुमच्या आकाराच्या याद्यांना पुरून उरते, आणि यासाठी वेगळं सर्च इंजिन उभं करायची गरज नाही. तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून जुळवणी करणाऱ्या पद्धती लांब मजकुरासाठी चांगल्या, पण पाच चिन्हांच्या नावात मधलं एक चिन्ह बदललं तरी तीन तुकडे बाद होतात, मग हातात फार काही उरत नाही.

इथवरचा क्रम एकदा सलग: साफसफाई, अनुस्वार, ध्वनिकोड, ढोबळ कोडवरून संभाव्य जोड्या, त्यांच्यावर वजनदार अंतर. आता तुमचा दुसरा प्रश्न, मर्यादा.

एक आकडा देत नाही, कारण तो तुमच्या चुकीच्या किमतीवर ठरतो. दोन वेगळी माणसं चुकून एक झाली तर काय बिघडतं? आणि एकच माणूस दोनदा राहिला तर काय बिघडतं? निमंत्रण दोनदा गेलं तर फारसं काही नाही. दोघांच्या औषधांच्या नोंदी एक झाल्या तर फार काही. त्यामुळे मर्यादा एक नको, दोन ठेवा. वरच्या मर्यादेच्या पलीकडे आपोआप जुळणी, खालच्या मर्यादेच्या अलीकडे आपोआप नकार, मधलं माणसाने बघायचं. मर्यादा ठरवायला ७५ ते ९८ टक्क्यांच्या पट्ट्यातल्या दोनेकशे जोड्या काढा आणि हाताने हो-नाही लिहा. दोन जणांनी वेगवेगळं लिहिलं तर उत्तम, कारण जिथे त्या दोघांचंच जमत नाही तिथे यंत्राकडून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही. छोट्या नावांना वेगळा न्याय लावा. दोन-तीन चिन्हांच्या नावांत एका खऱ्या फरकाला मोकळीक दिली की काहीही कशाशीही जुळतं. तिथे मी ध्वनिकोड तंतोतंत जुळला तरच पुढे जातो.

नावाखेरीज काय आहे तुमच्याकडे? जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव, फोनचे शेवटचे आकडे? यातलं काहीही असेल तर नावाच्या जुळणीत शेवटचे दोन टक्के घासत बसण्यापेक्षा ते वापरा. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये याचं गणित मांडलं: प्रत्येक कॉलम जुळला तर किती गुण द्यायचे आणि न जुळला तर किती कापायचे हे, खऱ्या जोडीत तो जुळण्याची शक्यता आणि योगायोगाने जुळण्याची शक्यता यांच्या गुणोत्तरावरून काढायचं. त्यातला कामाचा भाग असा की दुर्मीळ नाव जुळण्याला जास्त गुण मिळतात. सुनील नावाचे शेकडो असतील, त्यामुळे सुनील जुळला हा पुरावा तुटपुंजा. यादीत एकदाच येणारं आडनाव दोन्हीकडे जुळलं तर तो भक्कम. हे करायला संभाव्यतेचं जाड पुस्तक लागत नाही. तुमच्याच यादीत ते नाव किती वेळा येतं ते मोजा आणि त्यावरून गुण कमी-जास्त करा.

एखादी यादी उद्या रोमनमध्ये आली तर रोमनचं देवनागरी करायला जाऊ नका. रोमन ए म्हणजे अ की आ, डी म्हणजे द की ड, एन म्हणजे न की ण, हे त्या स्ट्रिंगमध्ये नसतंच, आणि जे नाही ते कुठलंही साधन अंदाजानेच भरणार. उलट दिशेने जा. देवनागरी नावाचा अधिक ढोबळ कोड काढा, ज्यात द-ड, त-ट, न-ण, अ-आ सगळे एक केलेले आहेत, आणि रोमन नावही त्याच कोडवर आणा. दीक्षित कुणी एक्स ने लिहितं, कुणी के-एस-एच ने. व कुणी व्ही ने, कुणी डब्ल्यू ने. दीर्घ ई कुणी डबल ई ने. हे सगळं रोमन बाजूच्या नियमांत घाला.

शब्दांचे व्हेक्टर (शब्दाच्या वापरावरून काढलेले आकडे) किंवा मोठी भाषा-मॉडेल यासाठी वापरू का, हा प्रश्न हल्ली हमखास येतो. अर्थावर शिकलेल्या व्हेक्टरला सुनील आणि सुशील जवळचेच वाटतात, दोन्ही पुरुषांची नावं, एकाच तऱ्हेच्या वाक्यांत येणारी. आपल्याला नेमकं तेच नको आहे. मधल्या पट्ट्यातल्या जोड्या माणसासमोर कुठल्या क्रमाने ठेवायच्या एवढ्यापुरतं मॉडेल वापरायला माझी हरकत नाही. २४० कोटी जोड्या मात्र त्याच्यापुढे टाकू नका.

शेवटची खबरदारी जोड्या एकत्र करताना. अ शी ब जुळला, ब शी क जुळला, म्हणून तिघे एक, असं साखळीने करत गेलात तर दोन टोकांची नावं एकमेकांशी अजिबात न जुळणारी निघतात, आणि एखाद्या गटात पाहता पाहता पन्नास माणसं जमा होतात. गट बनल्यावर त्यातल्या प्रत्येक जोडीचं अंतर पुन्हा तपासा आणि तीनपेक्षा मोठे गट थेट माणसाकडे पाठवा. मूळ लेखन कुठेही पुसू नका. ध्वनिकोड वेगळ्या कॉलममध्ये, तो नियमांच्या कितव्या आवृत्तीने काढला हे त्याच्या शेजारी, आणि कोणती जोडी कशामुळे जुळली तेही तिथेच लिहा. नियम बदलणारच आहेत, आणि बदलले की आधीच्या जुळण्या उलगडून पुन्हा लावाव्या लागतील.